प्रेक्षकाचा आवाज धरत नाहीत

आमच्या घरात टीव्हीवर टेनिसचा सामना लागला की सगळे बूट बघायचे. खेळाडूंचे नाही. कोर्टाच्या कडेला, पडद्याच्या पार कोपऱ्यात मधूनच जे पांढरे बूट दिसायचे, ते. त्यातला एखादा जोड माझ्या नवऱ्याचा असायचा. सासूबाई पलंगावरून उठून टीव्हीजवळ जायच्या आणि बोट लावून सांगायच्या, "तो दख, मना आंडोरना बूट शे!" आंडोर म्हणजे मुलगा. मी म्हणायचे, आई, तिथे सगळ्यांच्याच पायात तसले बूट असतात. त्यांना पटायचं नाही. आईला पोराचे बूट ओळखू येणार नाहीत तर काय सुनेला येणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. तेवढ्यात कॅमेरा खेळाडूकडे वळायचा, बूट जायचे, आणि आम्ही दोघी पुन्हा शेंगा सोलायला बसायचो.

आमचे हे धुळ्याच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. पण वर्षातले काही आठवडे ते लाइन अंपायर असायचे. टेनिसच्या मोठ्या सामन्यात उंच खुर्चीवर एक पंच बसतो, तो सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याखेरीज कोर्टाच्या रेषांच्या टोकांना काही माणसं वाकून उभी असायची, गुडघ्यांवर हात ठेवून. एकेका माणसाकडे एकेक रेष. चेंडू रेषेबाहेर पडला की ओरडून "आऊट" म्हणायचं आणि हात बाजूला सरळ करायचा, एवढंच काम. त्या एवढ्याशा कामासाठी हा माणूस बिनपगारी रजा टाकून पुण्याला जायचा, बंगळुरूला जायचा, चेन्नईला जायचा. आणि मी इथे पाण्याच्या टँकरशी, मुलीच्या परीक्षेशी आणि सासूबाईंशी एकटीनं झुंजायचे.

सामन्यांहून परत आले की गल्लीतली माणसं विचारायची, सर, कोण जिंकलं, तो अमका कसा खेळला? ह्यांना सांगता यायचं नाही. लोकांना वाटायचं, सर भाव खातात. खरी गोष्ट अशी की त्यांनी सामना बघितलेलाच नसायचा. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, चेंडूकडे बघायचं नसतं. चेंडू येण्याआधी नजर रेषेवर जाऊन थांबली पाहिजे. चेंडूच्या मागे धावली की ती हमखास उशिरा पोचते. म्हणजे जगातले मोठमोठे खेळाडू ज्याच्यापासून चार हातांवर खेळून गेले, त्या माणसानं आयुष्यभर एक पांढरी रेष पाहिली. मी म्हणायचे, एवढ्यासाठी चेन्नईला कशाला जायला हवं, अंगणात चुन्यानं ओढून देते.

त्या कामाचा आणखी एक नियम होता, आणि त्यानं माझ्या संसाराची पार वाट लावली. लाइन अंपायरला काही हवं असून चालत नाही. हा जिंकावा, तो हरावा, असं मनात आलं की नजर बिघडते. तसं वाटलं तर मुख्य पंचाला सांगून बाजूला व्हायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, चेहरा हलू द्यायचा नाही. हे कोर्टावर ठीक आहे हो. पण ह्यांनी तेच घरात आणलं.

माझं आणि सासूबाईंचं वाजलं की आम्ही दोघी ह्यांच्यापुढे उभ्या राहायचो. हे शांतपणे दोघींचं ऐकून घ्यायचे आणि ज्या बाजूला खरं असेल ती बाजू सांगून मोकळे व्हायचे. कधी माझी, कधी त्यांची. भाजीत मीठ जास्त पडलं तर पडलं. पाहुण्यांना मी टाकून बोलले असेन तर बोलले. सासूबाई कपाळावर हात मारायच्या, "तू काबर मनी बाजूले बोलस नही रे?" आणि मनातल्या मनात मीही तेच विचारत असायचे, माझ्या बाजूनं का बोलत नाही? माझं बरोबर असताना माझ्या बाजूनं कुणीही बोलेल, शेजारीणसुद्धा बोलेल. नवरा कशाला लागतो? माझं चुकलेलं असताना जो म्हणेल की असू द्या, माझी बायको आहे, तो मला हवा होता. ह्यांना तसं कधी म्हणता आलं नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "या घरात लाइनमन नको, नवरा पाहिजे." तर म्हणतात, "तुझं बरोबर असेल तेव्हा मी सांगतोच की."

बाहेर मात्र याच गोष्टीसाठी ह्यांना केवढा मान. शाळांचे सामने, तालुक्याचे सामने, सोनगीरच्या जत्रेतली कबड्डी, पंच म्हणून हेच हवेत. सर म्हणाले म्हणजे झालं, असं दोन्हीकडचे लोक म्हणायचे. मला अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. दोन्ही एकाच वेळी येतं, लग्न झालेल्यांना ते माहीत असतं.

मग सासूबाई गेल्या. मुलगी पुण्याला नोकरीला लागली. ह्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. हे खुशीत होते, म्हणाले, आता रजेची कटकट नाही, वर्षभर जिथे बोलावतील तिथे जाईन, आणि तुलाही नेईन. मी तर इतकी वर्षं एकदाही ह्यांना कोर्टावर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. म्हटलं चला, आता बूट सोडून वरचा माणूसही दिसेल.

त्याच सुमाराला लाइन अंपायर लोकांच्या मोबाइलच्या ग्रुपवर निरोप आला. आता रेषांवर माणसं असणार नाहीत. कोर्टाभोवती कॅमेरे लावायचे, यंत्रानं बघायचं आणि यंत्रानंच सांगायचं. सगळ्यांचे आभार मानले होते. हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते वाचत होते. वाचून झाल्यावर मोबाइल मला दिला आणि विचारलं, "आज भाजी काय आहे?"

मला वाटलं, ह्यांनी मनावर घेतलं नाही. पण घेतलं होतं. थोड्याच दिवसांत ह्यांनी एक वाक्य धरून ठेवलं, "यंत्राला लाइट लागते." कुणीही विषय काढला की हेच. "एवढे कॅमेरे, एवढ्या वायरी. एक फ्यूज उडाला की संपलं. शेवटी माणूस लागतोच." धुळ्यात जन्म गेलेल्या माणसाला हे वाटणं साहजिक होतं. आमच्याकडे भारनियमनानं लाइट जाते, वाऱ्यानं जाते, आणि काहीच कारण नसलं तर दुरुस्तीसाठी जाते. ज्याचं सगळं आयुष्य मेणबत्ती कुठे ठेवली ते लक्षात ठेवण्यात गेलं, त्याचा वायरीवर काय विश्वास बसणार? मी समजावून सांगितलं, अहो, तिथे मोठमोठे जनरेटर असतात. हे म्हणाले, "जनरेटर आमच्या शाळेतही आहे."

गच्चीवर मी धोतर पसरून कुरडया वाळत घालायचे. हे सकाळी तिथे यायचे, धोतराच्या काठावर नजर लावून वाकून उभे राहायचे. का, तर नजरेची सवय मोडायला नको. कुरडयांवरची पाखरं तरी हाकला म्हटलं तर ऐकू जायचं नाही. मला हसू यायचं, आणि मग जिना उतरताना रडू यायचं.

शेवटी मीच म्हटलं, "आपण पुण्याला सामने बघायला जाऊ. तिकीट काढून, चारचौघांसारखे." मनात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ते कुठे उभे राहायचे ती जागा तरी मला बघायची होती. आणि दुसरी, डोळ्यांनी पाहिलं की ह्यांच्या डोक्यातून हे खूळ जाईल. हे लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती.

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते, तर तळाशी ह्यांचा गणवेश. निळा टी-शर्ट, टोपी, पँट, सगळं इस्त्री केलेलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट.

"हे कशाला?" मी विचारलं.

"असू दे."

"अहो, आपण बघायला चाललोय."

"माहीत आहे. पण ऐनवेळी यंत्र बंद पडलं तर? तिथे जवळपास कोण असणार आहे? माणूस शोधायला वेळ लागतो."

मी ते कपडे पुन्हा घडी करून होते तसे ठेवले. साठीला आलेला माणूस शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखा तोंड करून माझ्याकडे बघत होता.

एसटीनं गेलो. मालेगाव, मनमाड, येवला, रस्ताभर बॅग ह्यांच्या मांडीवर. मुलीनं मोबाइलवर तिकिटं काढून ठेवली होती, तिला कामावर जायचं होतं म्हणून आम्ही दोघंच स्टेडियमवर गेलो. हे सवयीनं थेट बाजूच्या छोट्या दरवाजाकडे निघाले, जिथून इतकी वर्षं आत जायचे. तिथल्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला, "काका, प्रेक्षकांचं गेट तिकडे." हे "हो, हो" म्हणाले आणि मागे फिरले. मी ह्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

प्रेक्षकांच्या गेटवर बाहेरचं खाणं चालत नव्हतं. मी दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती. गेटवरची पोरगी म्हणाली, बाहेर ठेवून जा मावशी. म्हटलं, माझ्या दशम्या मी टाकून जाणार नाही, आणि तिथेच उभ्या उभ्या आम्ही त्या खाल्ल्या. ह्यांना घास जात नव्हता. तिनं ह्यांची बॅग उघडून पाहिली, गणवेश पाहिला आणि चेन लावून परत दिली. लोक कपडे घेऊन फिरतात, तिला काय.

आत गेल्यावर मी मधल्या चांगल्या जागा बघत होते. हे मला ओढत कोपऱ्यात घेऊन गेले, खालच्या रांगेत. तिथे ऊन थेट अंगावर, आणि अर्धं कोर्ट नीट दिसेना. का, तर तिथून बेसलाइन, म्हणजे कोर्टाची शेवटची आडवी रेष, नाकासमोर सरळ दिसत होती. मी म्हटलं, "तुम्ही कुठे उभे राहायचे?" त्यांनी हनुवटीनं दाखवलं. आमच्या पुढे, खाली, रेषेच्या टोकाला. तिथे काही नव्हतं. म्हणजे खुर्चीही नव्हती. एक जाहिरातीची पाटी तिथपर्यंत आणून ठेवली होती.

सामना सुरू झाला. आपल्याकडचा एक कोवळा मुलगा होता आणि समोर एक उंच परदेशी. लोक आपल्या मुलाच्या बाजूनं होते. सगळ्यांच्या माना एकदम इकडे, एकदम तिकडे. मीही थोडा वेळ तसं केलं, मान दुखायला लागली. शेजारी बघते तर ह्यांची मान जागची हलत नव्हती. हात गुडघ्यांवर, पाठ किंचित वाकलेली, डोळे रेषेवर. एवढ्या गर्दीत एकट्या ह्यांचाच चेहरा स्थिर होता. मग मी सामना बघायचं सोडून दिलं आणि ह्यांच्याकडे बघत बसले. ज्यासाठी मी आले होते ते मला दिसत होतं, फक्त चुकीच्या जागेवर.

चेंडू बाहेर गेला की लाउडस्पीकरमधून एका बाईचा आवाज यायचा, "आऊट." रेकॉर्ड करून ठेवलेला. त्याच वेळी ह्यांचा हात गुडघ्यावरून बोटभर उचलला जायचा. दोघांचं एकाच क्षणी. एकदा नाही, दरवेळी. मी हळूच विचारलं, "बरोबर सांगते का ती?"

"सांगते," हे म्हणाले.

चूक असती तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मध्येच एकदा स्कोअर दाखवणारा मोठा फलक काळा पडला. कुठूनतरी शिट्ट्या आल्या. उंच खुर्चीवरच्या पंचानं कानातल्या यंत्राला हात लावला. ह्यांनी पायाशी ठेवलेली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि चेन अर्धी उघडली. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मी, जी घरी लाइट गेली की वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढते, ती मी देवाला म्हणाले, जाऊ दे रे लाइट, एकदा जाऊ दे. हा माणूस एकदा तरी खाली उतरू दे.

फलक परत लागला. त्यावर कसली तरी जाहिरात नाचायला लागली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी चेन लावली, बॅग खाली ठेवली, हात गुडघ्यांवर घेतले.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. आपला मुलगा आमच्या बाजूला खेळत होता. परदेशी खेळाडूनं एक जोरदार चेंडू मारला, तो आमच्या समोरच्या रेषेपाशी पडला, आणि ह्यांनी ओरडून म्हटलं, "आऊट!"

नुसतं ओरडले नाहीत. उठून उभे राहिले होते, हात बाजूला सरळ, बोटं जुळवलेली. छातीतून आलेला, खणखणीत आवाज. तसा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. क्षणभर, खरं सांगते, मला फार बरं वाटलं. वाटलं, असे दिसत असणार हे.

त्या मुलानं रॅकेट खाली केली. त्याला वाटलं, कॉल झाला, म्हणजे चेंडू आऊट दिला गेला. चेंडू त्याच्या बाजूनं निघून गेला. लाउडस्पीकरमधून मात्र काहीच आवाज आला नाही. पंचानं गुण दुसऱ्याला दिला. तो मुलगा हात पसरून पंचाकडे धावला, आमच्या बाजूला बोट दाखवून बोलायला लागला. सगळं स्टेडियम वळून आमच्याकडे बघत होतं. सगळ्या माना आमच्याकडे, आणि आता कुणाचीच हलत नव्हती.

"प्रेक्षकाचा आवाज धरत नाहीत," हे अगदी हळू म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. "गुण परत मिळत नाही. तसा नियमच आहे." मग पंच माइकवर इंग्रजीतून काही बोलला, तेही तेच असावं.

फलकावर तो चेंडू पुन्हा दाखवला. मोठा करून, सावकाश. चेंडू रेषेवर पडला होता, आणि रेषेवर म्हणजे आत. थोडासा नाही, चांगला अर्धा. मागून कुणीतरी म्हणालं, "कोण आहे हा म्हातारा?" एक स्वयंसेवक मुलगी आली आणि वाकून नीट आवाजात म्हणाली, "काका, प्लीज परत असं करू नका हं." ह्यांनी उभं राहून कोर्टाकडे हात जोडले. तो मुलगा पाठ फिरवून टॉवेलनं तोंड पुसत होता. पुढे तो हरला. त्या एका गुणामुळे हरला असं मी म्हणत नाही, पण त्या गुणानंतर त्याचं लक्ष लागलं नाही हे मलासुद्धा कळलं.

मी ह्यांच्या आयुष्यातला एकच कॉल पाहिला, आणि तो चुकला.

सामना संपेपर्यंत हे बसून राहिले. बाहेर आल्यावर झाडाखाली चहाची टपरी होती. मी ह्यांच्या हातात चहा दिला आणि जेवढ्या सबबी सुचल्या तेवढ्या सांगितल्या. ऊन डोळ्यांवर होतं. आपण वर बसलो होतो. सराव राहिलेला नाही. आता वयही झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

"मला स्वच्छ दिसला," हे म्हणाले.

"काय दिसलं?"

"आत पडला ते दिसलं."

मला कळेना.

"मला तो बाहेर हवा होता," हे म्हणाले. "सकाळपासून वाट बघत होतो. एक तरी चेंडू बाहेर पडावा आणि त्या यंत्राला कळू नये. डोळ्यांनी एक पाहिलं आणि तोंडातून दुसरं निघालं." मग म्हणाले, "त्या पोराचा गुण गेला."

मी तिथेच रडले. चहावाला बघत होता, बघू दे. ह्यांच्या डोळ्यात पाणी नव्हतं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, पेला जागेवर ठेवला, आणि रिक्षाला हात केला.

धुळ्याला आल्यावर ह्यांनी गच्चीवर जायचं सोडलं. मला वाटलं, चला, गेलं खूळ. पण मग शाळेच्या सामन्यांचा निरोप आला, त्यांना नाही म्हणाले. तालुक्याच्या लोकांना नाही म्हणाले. सोनगीरहून एक आबा स्वतः घरी आले, ओसरीवर बसून ह्यांचा हात धरून म्हणाले, "सर, तुम्हले येनंच पडी. तुम्हना बिगर कोनी ऐकस नही." हे हसून म्हणाले, "आता जमत नाही आबा." आबांना वाटलं, सरांचा काही मानपान चुकला. जाताना ते मला विचारून गेले, आमच्याकडून काही कमीजास्त झालं का? काहीच झालं नाही म्हटलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी माझा भाऊ यावलहून आला. मला वाटलं, माहेरपणाला न्यायला आला. हातात केळीची फणी होती, चेहरा उतरलेला. त्याचं आणि शेजारच्या शेतकऱ्याचं बांधावरून भांडण लागलं होतं. केळीची एक आख्खी ओळ कुणाच्या हद्दीत येते, यावर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं होतं, पोरं एकमेकांच्या अंगावर जायला लागली होती. गावातल्या चार माणसांनी पंच नेमायचं ठरवलं, आणि गंमत म्हणजे त्या शेजाऱ्यानंच ह्यांचं नाव सुचवलं होतं.

"तो म्हने, तुमचे पाव्हणे सांगतीन ते आम्हाले मान्य," भाऊ ह्यांना म्हणाला. "म्हने, तो मानूस सख्ख्या मायचंबी ऐकत नव्हता. चला पाव्हणे, एक दिवसाचं काम आहे. घर राहीन आमचं."

मी पाणी घेऊन उभी होते.

"मला नेऊ नका," हे म्हणाले. "ती ओळ तुमच्याकडे यावी असं मला वाटतंय."

भावाला क्षणभर खरंच वाटेना. मग त्याचा चेहरा उजळला, त्यानं मांडीवर थाप मारली. "मंग तं आनखीनच चला!"

ह्यांनी मान हलवली. भाऊ त्यांना समजावत होता, विनवत होता, आणि मी तांब्या हातात धरून तशीच उभी होते. तीस वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहिली ते माझ्याच घरात, माझ्याच भावासमोर बोलले गेले होते. माझं माहेर बरोबर आहे की चूक हे न विचारता हा माणूस माझ्या माहेरच्या बाजूचा झाला होता. आणि आता मला तो आधीचाच हवा होता, माझ्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सगळ्यांदेखत सांगणारा.

भाऊ ऐकेना. म्हणाला, पाव्हणे, कारण तरी सांगा, मी गावात काय तोंड दाखवू? हे काही बोलायच्या आत मीच पुढे झाले.

"भाऊ, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय," मी म्हटलं. "दिसत नाही आता त्यांना. दुसरा कुणीतरी बघ."

भाऊ चपापला. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी धडधडीत खोटं बोलले होते, आणि ज्या माणसानं आयुष्यात माझं एकही खोटं खपवून घेतलं नव्हतं, तो मान खाली घालून गप्प बसून राहिला.